अल्प भांडवलाची कल्पकता

‘लहान उद्योग हे चार माणसांच्या पोटाचे साधन होऊ शकतील, परंतु जमीन, पाणी आणि हवा यांचे रक्षण करून पुढील पिढ्यांना पुरेल अशा विकासाची नवी वाट त्यांच्या हातून काढली जाईल अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे, संशोधनाला भांडवल लागते आणि भांडवल मोठ्यांपाशीच असते,’ हे मत आज बँकांच्या कचेऱ्यांपासून नियोजनाच्या दप्तरांपर्यंत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्याला कोणी प्रमाण मागितले तर तेच औद्धत्य ठरावे. हे मत मला सर्वथा चुकीचे वाटते, आणि ज्या प्रदेशात ते सर्वांत खरे ठरावे अशी त्याच्या पुरस्कर्त्यांची खात्री असेल, त्याच प्रदेशात जाऊन त्याचा विचार करावा असे मी ठरविले आहे. तो प्रदेश म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके. शेठ वालचंद हिराचंद यांनी माळरानावर वसविलेले वालचंदनगर येथेच आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांची धुराडी येथेच आहेत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी भांडवलाचे कारखानेही आले आहेत. मोठ्या आकाराचे श्रेष्ठत्व कोठे सिद्ध व्हावयाचे असेल, तर ते येथेच होईल.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य होईल. ते म्हणतात, या भागात शेतीत जे काही नवे आले ते संस्थांनी आणले: पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे, बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ चा, माळेगाव खुर्द येथील मुरमाड माळावर उभारलेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९ ची. अलीकडे उसाच्या शेतात जमिनीतील ओलाव्याची मोजणी करणारी उपकरणे आणि उपग्रहांची छायाचित्रे यांच्या आधाराने सल्ला देण्याचा जो कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग बारामतीला चालला आहे, त्यामागे तर मायक्रोसॉफ्टसारखी जगद्विख्यात कंपनी उभी आहे. यांत दोन एकरांचा शेतकरी, रोपवाटिका चालविणारी बाई किंवा ट्रॅक्टर भाड्याने देणारा तरुण कोठे आला? तो तर केवळ घेणारा; देणारे दुसरेच.

या युक्तिवादात शोध आणि नवता या दोहोंची गल्लत झालेली आहे. शोध प्रयोगशाळेत लागत असेल. परंतु तो शोध एखाद्या गावाच्या मातीला, पाण्याच्या पाळीला, मजुराच्या सवयीला आणि उधारीच्या मुदतीला जुळवून घेऊन चालता व्यवसाय उभा करणे ही स्वतंत्र बुद्धीची कृती आहे, आणि ती ज्याच्या स्वतःच्या खिशाला झळ लागते त्यालाच साधते. त्या माणसाला ही बुद्धी चालविण्याची हिंमत केव्हा होते, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर इंदापूर तालुक्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

पेशवाई संपल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून जो सारा बसविला, तो कागदावर शास्त्रशुद्ध आणि शेतावर असह्य होता. रयतेने जमिनी टाकल्या, गावे ओस पडू लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्याची नव्याने मोजणी करून जमिनीची प्रतवारी लावली, सारा हलका केला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याच्या पुढील जमाबंदीची पद्धत याच तालुक्यातून निघाली. पडीत जमिनी पुन्हा लागवडीस आल्या त्या काही नव्या नांगरामुळे नव्हेत. आपण विहीर खणली, बांध घातला, तर तीस वर्षे त्याचे फळ आपल्याच पदरात पडेल, ही खातरजमा लहान माणसाला प्रथमच मिळाली होती. उलट पक्षी, १८६७ साली मुदत सरल्यावर फेरआकारणी झाली तीही इंदापुरापासूनच, आणि सारा दीडपटीहून अधिक चढला; अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी तोवर ओसरली होती; आणि १२ मे १८७५ रोजी शेजारच्या सुपे गावी रयतेने सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्या जाळाच्या उजेडात लिहिला गेला. एकाच मातीत, एकाच जातीच्या शेतकऱ्याने चाळीस वर्षांच्या आत आधी लागवड वाढविली आणि मग कागद जाळले. मधल्या काळात बदलल्या होत्या त्या केवळ अटी.

मोठ्या योजनेचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी नीरा डाव्या कालव्याचाही इतिहास आठवावा. भाटघरच्या पाण्यावर १८८५ च्या सुमारास हा कालवा वाहू लागला आणि त्याने या दुष्काळी मुलुखाचे दैव पालटले, याविषयी मी कृतज्ञच आहे. परंतु पाण्याला निचऱ्याची जोड मिळाली नाही, उसाला पाट भरभरून पाणी दिले गेले, आणि अवघ्या पंचवीस वर्षांत, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. ज्या कालव्याने समृद्धी आणली, त्यानेच उत्तम काळ्या जमिनी चोपण केल्या. मोठ्या कामाचे दोष मोठ्या क्षेत्रावर पसरतात आणि उशिरा ध्यानात येतात. ते आधी दिसतात बांधावर उभ्या असलेल्याला, परंतु त्याला विचारण्याची चाल तेव्हा नव्हती आणि आजही फारशी नाही.

आता मंडनाकडे वळू. उसाच्या रोपवाटिकेचे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण या दोन्ही तालुक्यांत रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीच्या मांडवाखाली हा व्यवसाय जागोजाग उभा राहिला आहे आणि त्याकडे कोणी नवता म्हणून पाहत नाही. जुन्या पद्धतीत दोन किंवा तीन डोळ्यांच्या कांड्या सरीत पुरल्या जात. एकराला अडीच-तीन टन बेणे मातीत जाई, म्हणजे तेवढा ऊस गाळपाला मुकत असे. शिवाय काही डोळे उगवत नसत आणि नांगे पडत. रोपवाटिकेत एकेका डोळ्याची कांडी काढतात, ती बुरशीनाशकाच्या आणि मग नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात बुडवतात, नारळाच्या भुश्श्याने भरलेल्या ट्रेच्या कप्प्यात डोळा वर येईल अशी ठेवतात, भरलेले ट्रे एकावर एक रचून काही दिवस प्लास्टिकच्या कागदाखाली ऊब देतात, आणि कोंब डोकावताच मांडवात मांडतात. महिना-सव्वा महिन्यात रोप शेतात जाते. पाच फुटांची सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकराला साडेचार हजारांच्या आत रोपे पुरतात, आणि त्यांना लागणारे बेणे अर्ध्या टनाच्या आतबाहेर असते.

यातील पाण्याचा हिशेब प्रतिपक्षाने नीट पाहावा. तो महिना-सव्वा महिना एक एकर सरीला पाणी देण्याऐवजी चार गुंठ्यांहून लहान मांडवाला झारीने किंवा फवाऱ्याने पाणी दिले जाते. शिवाय आधीचे पीक तेवढे दिवस शेतात राहू शकते. पावसाचे मान वर्षाला पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असलेल्या या टापूत एवढी बचत करणारी दुसरी कोणती योजना इतक्या थोड्या खर्चात उभी राहिली आहे? आणि ही पद्धत संस्थांनी शिकविली हे मान्य करूनही, कोणत्या महिन्यात किती रोपे धरावीत, आडसालीची मागणी कालव्याच्या आवर्तनावर कशी हलते, पाऊस लांबला तर वाढून बसलेल्या रोपांची पाने छाटून ती कशी धरून ठेवावीत, हे सर्व ज्ञान मांडवात बसून कांड्या कापणाऱ्या बायकांनी आणि उधारी सांभाळणाऱ्या मालकांनी स्वतः कमावलेले आहे. ते कोणत्याही अहवालात नाही.

पाचटाची गोष्ट अशीच. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट शेतात राहते. त्यामुळे खोडव्याची मशागत अडते, म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो, आणि जमिनीचे सेंद्रिय द्रव्य धुरात जाते. माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय संस्थेने असे यंत्र घडविले की जे पाचट न जाळता, त्याच्यातूनच चालत, बुडखे जमिनीलगत छाटते, बगला फोडते, जुनी मुळे तोडते आणि खत मातीत पेरते, सर्व एकाच फेरीत. यंत्र उत्तम आहे. पण दोन एकरांचा धनी ते विकत घेणार नाही आणि साखर कारखाना त्याच्या बांधावर ते वेळेवर पाठविणार नाही. ते गावात फिरेल ते ट्रॅक्टर भाड्याने चालविणाऱ्या तरुणाने घेतले तरच. तो तरुण नसेल, तर संस्थेचा शोध संस्थेच्या आवारातच राहील.

इंदापूरच्या उत्तर सीमेवर, उजनीच्या फुगवट्याच्या काठी, कुंभारगावच्या मच्छीमारांनी जे केले त्याला तर कोणी संशोधनही म्हणणार नाही. १९८० साली पुरे झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची गावे बुडविली. उरलेल्यांपैकी अनेकांनी होड्या धरल्या. हिवाळ्यात पाणी ओसरून चिखलाची बेटे उघडी पडतात, तेव्हा रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या सोबतीला चक्रवाक, चित्रबलाक आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात. मासे धरण्याच्या होडीत पाहुण्यांना बसवून पक्षी दाखविणे आणि घरी चिलापीचे कालवण-भाकरी वाढणे हा व्यवसाय या लोकांनी उभा केला. थवा जवळ आला की जाणता नावाडी इंजिन बंद करतो आणि बांबूने होडी ढकलतो, कारण पक्षी उठला तर त्या सकाळची कमाई उठली हे त्याला कळते. वनखात्याचा नियम मोडणारा पुष्कळदा सुटतो. हा नियम मोडणाऱ्याला शिक्षा तत्काळ मिळते. आणि त्याच जलाशयात पुणे व पिंपरी-चिंचवड या संपन्न नगरांचे सांडपाणी येऊन मिळते, पाणी हिरवे पडते, जलपर्णी माजते. निसर्गाचा सांभाळ मोठ्यांनाच परवडतो असे म्हणणाऱ्यांनी या दोन वर्तनांची तुलना करावी.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. लहान उद्योगही निसर्गाला ओरबाडतात. उसाच्या चिपाडाऐवजी मिळेल तो कचरा भट्टीत घालणारी गुऱ्हाळे काळा धूर ओकतात. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर जिराईत पट्ट्यातील कष्टकऱ्याला घोटभर देण्याऐवजी आणखी एक एकर ऊस लावला जातो, आणि लोणी भापकर-मोरगावकडील टँकर तसाच चालू राहतो. हे सत्य आहे. परंतु ही उदाहरणे तपासली तर प्रत्येक ठिकाणी असे आढळते की, हानी एकाची आणि लाभ दुसऱ्याचा अशी फारकत तेथे झालेली आहे. गुऱ्हाळवाल्याला धूर भोगावा लागत नाही, तो वाऱ्याच्या दिशेच्या वस्तीला भोगावा लागतो. म्हणून लहानपण हा स्वतःच सद्गुण आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या धंद्याचे भांडवलच ती माती, ते पाणी किंवा तो पक्षी असतो, आणि ज्याच्या अटी आधी ठाऊक असतात, तो धंदा टिकाऊ वाट शोधतो. असे धंदे बहुधा लहान असतात, एवढेच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाचेही मी स्वागत करतो. तथापि मातीतील उपकरणाने आज पाणी द्या म्हणून सांगितले आणि कालव्याची पाळी वीस दिवसांनी असली, तर तो सल्ला ज्याच्याकडे विहीर किंवा शेततळे आहे त्याच्याच कामाचा. आवर्तनाचे वेळापत्रक हंगामाच्या आरंभी जाहीर होऊन पाळले गेले, तर त्या उपकरणाचे मोल दुप्पट होईल, आणि रोपवाटिकेचेही.

येथेच मागणीचे स्वरूप स्पष्ट होते, आणि ती अनुदानाची नव्हे, अटी आधी ठरून त्या पाळल्या जाण्याची मागणी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात ऊसबिल चौदा दिवसांत चुकते करण्याची तरतूद आहे. बिल लांबले की शेतकरी रोपांची बाकी लांबवितो, रोपवाटिकेचा मालक बाकी अडकल्यामुळे मजुरी लांबवितो आणि पुढील हंगामाचे ट्रे घेत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत असे ठरविले आहे. हे संरक्षण रोपवाटिकेला, होडीवाल्याला आणि भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला निःसंदिग्धपणे लाभले पाहिजे. बँकेने सातबाऱ्याचे तारण मागण्यापूर्वी रोपांच्या नोंदणीची वही आणि घेतलेला इसार पाहावा, व कर्जाचे हप्ते महिन्यावारी न बांधता तोडणीच्या हंगामाशी बांधावेत. कुंभारगावच्या होडीवाल्यांना काठाच्या वापराचा परवाना वर्षावर्षाने नव्हे तर दीर्घ मुदतीने मिळावा, आणि महानगरांनी नदीत सोडलेल्या पाण्याची तपासणी होताना त्यांचा प्रतिनिधी तेथे हक्काने हजर असावा. गोल्डस्मिड-विंगेटांनी इंदापूरच्या कुणब्याला तीस वर्षांची हमी दिली होती. स्वराज्याच्या सरकारने त्याच्या पणतवंडाला निदान दहा वर्षांची तरी द्यावी.