सर्टिफिकेटच्या पुढची दोन वर्षे

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्यापासून सुमारे 20 किलोमीटर. या भागात आपल्या समाजातला पदवीधर मुलगा 'कॉम्प्युटर केला' असे सांगतो, तेव्हा तो बहुतेकदा तीन-सहा महिन्यांच्या क्लासबद्दल बोलत असतो.

क्लास वाईट नाही. वेबसाइटचे पान बनवता येते, चार पैसे मिळतात. पण पत्ता टाकताच ते पान नेमक्या सर्व्हरवरून कसे येते, निकालाच्या दिवशी तोच सर्व्हर का बंद पडतो, बँकेचा व्यवहार मधल्या कुणाला वाचता का येत नाही, हे तिथे कुणी शिकवत नाही. त्यासाठी एमसीए किंवा एमएस्सी करावे लागते. घरातलेच उदाहरण घ्या. मराठी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे. दोन्ही एका ओळीत आल्या आणि मध्ये आकडे-कंस आले की क्रम विस्कटतो. युनिकोडमध्ये यासाठी स्वतंत्र नियम आहेत. ते समजणारी किती मुले आपण घडवली?

एमसीए पूर्वी तीन वर्षांचे होते, 2020-21 पासून दोन वर्षांचे झाले. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे पुण्याला गेलेच पाहिजे असे नाही.

खरी अडचण आधीच सुरू होते. अकरावीला 'मुलीला कशाला गणित?' म्हणून आर्ट्सचा फॉर्म भरला जातो. एमसीएच्या सीईटीत गणिताचे प्रश्न असतात, तेव्हा पाच वर्षांपूर्वीचा तो फॉर्म आठवतो. त्यातूनही जी पदवीपर्यंत पोहोचते, तिला पुढे पाठवायचे म्हटले की आधी निकाहची चर्चा, मग वसतिगृहाच्या खर्चाची. मुलगा असेल तर लगेच दुकानावर बसवतात. (दुकानाच्या ऑनलाइन ऑर्डरसाठी मग बाहेरचा माणूस पगारावर ठेवतात, हेही पाहिले आहे.)

घर सोडणे शक्यच नसेल तर इग्नूचे एमसीए आहे. 'स्वयम्' पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे लागतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच.

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात सत्कार होतात, ट्रॉफ्या वाटल्या जातात. यंदा ट्रॉफ्यांचा खर्च बाजूला ठेवा. गणित घेऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींची यादी त्याच दिवशी करा, आणि पदवीनंतर त्यांच्या जळगावच्या दोन वर्षांचा खर्च कोण उचलणार, हा विषय जमातीच्या पुढच्या बैठकीत पहिला घ्या.