सुरक्षिततेचा रोजमेळ

कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार अपघातानंतरच करावयाचा, ही आपल्या व्यापारी वर्गाची जुनी खोड आहे. २३ मार्च २०२२ रोजी पहाटे सिकंदराबादेतील भोईगुडा येथे भंगाराच्या गोदामास आग लागली. माडीवर निजलेले बिहारचे ११ मजूर मृत्युमुखी पडले. उडी घेणारा एकच बचावला. बाहेर पडण्याची वाट जळत्या गोदामातूनच होती. दुसऱ्या जिन्याचा खर्च असा कितीसा आला असता? पुढे ३० जून २०२५ रोजी पाशमैलारम येथील औषधी भुकटीच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली.

जमाखर्चाचा मेळ आपण रोज घालतो. वर्षअखेरीची वाट पाहत नाही. त्याच वहीत आणखी एक रकाना असावा : आज धोका कोठे दिसला, कोणी दाखविला, केव्हा दूर झाला. उघडी वीजतार, अडलेली वाट, यंत्राचे काढून ठेवलेले झाकण, सर्व त्यात यावे. जपानी कारखानदार ज्यास ‘कायझेन’ म्हणतात, ती रोजच्या लहान सुधारणेची रीत हीच होय. मात्र धोका प्रथम मजुरास दिसतो. तो सांगणाऱ्यास मालकाचे भय वाटता कामा नये.

तपासनीस क्वचित येतो. धोका रोज हजर असतो. येत्या पाडव्याच्या नव्या वहीत हा रकाना प्रत्येक सभासदाने आखावा, अशी नम्र विनंती आहे.