बाईचे जंगल आराखड्यात कधी येणार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. या लढ्याचे मोल मोठेच आहे. पण तेव्हापासून वनहक्काच्या ज्या ज्या शिबिराला मी जाते, तिथे चर्चा बांबूच्या भावाची आणि तेंदूच्या लिलावाची. बाईचे जंगल या हिशेबात बसते कुठे?

मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुले वेचायची. पाऊस लागला की तरोट्याची कोवळी पाने, काटवल, सात्या, बांबूचे वास्ते. मग गुराशेळ्यांसाठी गवताचे भारे. यातले बरेचसे बाजारात जातच नाही, थेट चुलीवर आणि गोठ्यात जाते. म्हणून ते कुठल्या रजिस्टरात चढत नाही.

जंगल राखायचे नियम होतात तेव्हा पहिली कात्री नेमकी इथे लागते. वास्ते तोडू नका, उद्याचा बांबू तोच. मोहाखालचा पाला जाळू नका, वणवा लागतो. रोपवनात गुरे सोडू नका. हे नियम चुकीचे आहेत असे माझे म्हणणे नाही, वणव्याचे नुकसान खरेच आहे. पण पाला जाळायचा नाही तर तो भल्या पहाटे झाडून काढणार कोण? चराई बंद झाली की गवत कापून डोक्यावरून आणणार कोण? ठराव पुरुष करतात, राबतात बाया!

२०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेत हजर असणाऱ्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. बीना अग्रवाल यांनी गुजरात व नेपाळमधल्या वनसमित्यांच्या अभ्यासातून दाखवले आहे, की समितीत पाव ते एक तृतीयांश बाया असतील तरच त्यांचे येणे आणि बोलणे वाढते. एकदोघींना कोपऱ्यात बसवून भागत नाही. (त्यातून सभा मोह वेचायच्या वेळेला ठेवली, की तो कोपराही रिकामा!)

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या गावाचा व्यवस्थापन आराखडा मंजूर होण्यापूर्वी वाचून घ्या. वास्त्यांसाठी कोणती बेटे मोकळी ठेवली, गावाजवळचा गवताचा पट्टा रोपवनातून वगळला का, एवढे तरी विचारा. उत्तर मिळाले नाही तर सही करू नका, आणि बायांना घेऊन आधी शिवार फेरी काढा.