विलायती छापाची किंमत

बालाघाट जिल्ह्यातील किरनापूरनजीक सोनपुरी येथे 1999 च्या डिसेंबरात मध्यप्रदेशचे तत्कालीन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. अशा मुलखात परवान्याचे रिव्हॉल्व्हर ही मिरविण्याची वस्तू नव्हे. तरीही जुने देऊन दुसरे घ्यायची वेळ आली की, तेथे काय किंवा आपल्या किनारपट्टीवर काय, पहिली चौकशी होते ती छापाची.

हा मोह समजण्याजोगा आहे. वेब्लीचा लौकिक काही फुकाचा नाही. परंतु सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकात बंद झाली, आणि तेव्हापासून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांचा भाव चढला तो तुटवड्यापायी. त्यास विश्वासार्हतेचे मोल समजणे हा भाबडेपणा होय. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 चे रिव्हॉल्व्हर तरी वेब्लीच्याच धर्तीचे आहे! ते नीट चालत असता, केवळ नावासाठी वर रोकड मोजणे आम्हांस पटत नाही.

पाहावयाचे ते हातातील शस्त्र. घोडा चढविल्यावर चक्र डुलते काय, प्रत्येक कोठा नळीसमोर नेमका येतो काय, नळी आतून खाल्ली गेली आहे काय, सुटे भाग मिळतील काय? रिकाम्या शस्त्राची ही तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करवावी. खाजगी विक्रीपूर्वी विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून 45 दिवस थांबावे, असे शस्त्र कायदा सांगतो. उतावळ्या गिऱ्हाइकास जाचक वाटणारी ही मुदत या कामास पुरेशी आहे.