करुणेचे शिक्षण
थळचा कोळी आजारी पडला की अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठतो. तेथे औषध मिळेल. धीर कोण देणार? नाडी पाहणे शिकविता येते, करुणा उपजतच असावी लागते, असे म्हणून आपण मोकळे होतो. हे खरे नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची शुश्रूषा १९७३ पासून २०१५ पर्यंत, त्यांच्या अखेरच्या श्वासापर्यंत, पिढ्यान् पिढ्या केली. हा वारसा ज्येष्ठ परिचारिकेने धाकटीला रुग्णाच्या खाटेपाशीच दिला. म्हणून विद्यार्थिनींना रिक्त जागा भरून काढणारे स्वस्त हात समजू नये. प्रत्येक कक्षात केवळ शिकविण्यासाठी अनुभवी परिचारिका शासनाने नेमावी. एरवी प्रमाणपत्रे वाढतील, सेवा मात्र आटेल.