दारावरचा डोळा
डोंबिवली-कल्याणचा चाकरमानी सकाळच्या लोकलने मुंबई गाठतो. घरी राहते ते कुलूप. चाळीत शेजाऱ्यांची नजर हाच पहारा होता, आणि तो विनामूल्य होता. सदनिकांच्या बंद दारांआड तो संपला. आता कॅमेरा विकत घेणे आले. मात्र स्वस्ताईला भुलणे महागात पडते. २०१६ साली ‘मिराई’ या संगणकी विषाणूने मूळ परवलीचा शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे जगभर काबीज केले. एप्रिल २०२५ पासून केंद्राने नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. तेव्हा प्रमाणित कॅमेरा घ्यावा, परवलीचा शब्द बदलावा आणि रोख आपल्याच उंबरठ्यावर ठेवावा. शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला डोळा चोर पकडील की नाही, सांगवत नाही. उरलासुरला शेजार मात्र खचित गमावील.