रिअ‍ॅक्शन गोळीचीही येते : चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक नको

प्रतिजैविकाची रिअ‍ॅक्शन फक्त इंजेक्शनने येते, हा समज घरोघरी आहे. टेस्ट डोसचा आग्रह धरणारी माणसेच अमॉक्सिसिलिनची पट्टी दुकानातून निर्धास्त आणतात. पोटातून घेतलेल्या औषधाने तीव्र अ‍ॅलर्जी (अ‍ॅनाफिलॅक्सिस) कमी वेळा होते हे खरे, पण झाली तर तीही जीव घेते.

अ‍ॅनाफिलॅक्सिस बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात सुरू होतो. तळहात खाजतात, अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, धाप लागते, रक्तदाब उतरून शुद्ध हरपते. यावर पहिले औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम. सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थांबते, घशाची सूज किंवा घसरलेला रक्तदाब नाही. ती देऊन वाट पाहणे म्हणजे हातची वेळ घालवणे. रुग्णाला आडवे निजवावे, धाप असल्यास बसू द्यावे, चालवू नये आणि १०८ला फोन करावा. उतार पडला तरी काही तास रुग्णालयातच ठेवावे, लक्षणे उलटू शकतात.

दुसरा प्रकार सावकाश येतो, म्हणून अधिक फसवा. विशेषतः को-ट्रायमॉक्साझोलसारख्या सल्फा औषधानंतर चार दिवस ते चार आठवड्यांत ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंडात फोड येतात, त्वचा दुखते आणि सुटू लागते. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. ३० टक्क्यांहून अधिक कातडी सुटल्यास सुमारे तिघांत एक रुग्ण दगावतो. ‘ताप आहे, कोर्स पुरा करू’ हा विचार इथे घातक ठरतो. औषध त्याच क्षणी बंद करून रुग्णालय गाठावे.

शेड्यूल एच या सरकारी यादीतील ही प्रतिजैविके चिठ्ठीविना विकणे बेकायदा आहे. २०१४पासून लागू असलेल्या शेड्यूल एच-१मधील सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिनसाठी तर रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावाची वेगळी नोंदवही सक्तीची आहे. तरीही सर्दीला दोन गोळ्या सुट्या मिळतात. सर्दी विषाणूंची, गोळीचा फायदा शून्य, धोका पूर्ण. विकणाऱ्याने ‘पूर्वी कधी पुरळ आले होते का?’ एवढेही विचारू नये, हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

रिअ‍ॅक्शन आलेल्या प्रत्येकाने औषधाचे मूळ नाव, तारीख आणि लक्षणे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. ‘लाल कॅप्सूल’ ही नोंद निरुपयोगी आहे. नुसत्या मळमळीला अ‍ॅलर्जी म्हणू नये, नाहीतर उपयोगी औषध विनाकारण बंद होते. प्रत्येक रिअ‍ॅक्शन भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावी. चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानातून प्रतिजैविक घेऊ नये.